दोनशे बारा पावलं

आप्पांच्या डाव्या खिशात चिंचोके असत. चालताना शंभर पावलं झाली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात जाई. दहा चिंचोके गेले की हजार पावलं, म्हणजे अडीच हजार फूट, कारण आप्पांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. पावणेतीन नाही, सव्वादोन नाही. चढाला, उताराला, नांगरटीतून, कुठंही अडीच. हे मोजणं चालू असताना त्यांच्याशी बोलायचं नसे. कुणी बोललंच तर ते उजव्या हाताचं एक बोट वर करत. मग समोर साहेब असो की अंगावर येणारं कुत्रं, शंभर भरेपर्यंत दोघांनाही थांबावं लागे.

कुत्रं खरंच थांबायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आप्पा जमीन मोजणीच्या कार्यालयात मोजणीदार होते आणि मी तिथेच नकलांचे अर्ज घेणारा कारकून. सांगलीच्या पूर्वेला, द्राक्षांच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. नव्वदीची पहिली वर्षं. मी पंचविशीतला, ते पन्नाशी ओलांडलेले. सगळं ऑफिस त्यांना आप्पा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. ते लिहायचा हक्क मी घालवून बसलोय असं मला वाटतं.

माणूस उंच, काटक, अंगात कायम खाकी रंगाचा बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी. ते मूळचे फलटणकडचे. तिकडं ऊस, इकडं द्राक्षं, आणि आप्पांना दोन्हींत रस नव्हता. त्यांना रस होता दगडांत. रविवारी सकाळची पहिली एसटी धरायची, कुठल्या तरी फाट्यावर उतरायचं आणि बागाबागांतून, बांधाबांधानं गावं पालथी घालायची. मणेराजुरीपासून सावळजपर्यंत, दंडोबाच्या डोंगराच्या अंगाखांद्यावरून, कधी कुंडलकडं. जुनं देऊळ, पडकी वेस, बुजलेली बारव दिसली की आसपास वीरगळ शोधायचा. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचा कोरीव दगड. खालच्या चौकटीत त्याचं मरण, मधल्या चौकटीत त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर देवापुढं हात जोडून बसलेला तोच. गावोगाव असे दगड पडलेले असतात. लोक त्यावर कपडे आपटतात, त्याला बैल बांधतात, नाहीतर पायरीला वापरतात. आप्पा ते वहीत नोंदवून ठेवत. कुठल्या विहिरीच्या कुठल्या कोपऱ्यापासून, कुठल्या दिशेला, किती पावलं. वही ऑफिसच्या फायलींपेक्षा नेटकी होती, पण हे साहेबांसमोर बोलायची सोय नव्हती.

मला सुट्टीला घरी जायचा कंटाळा. घरी थोरला भाऊ होता आणि त्याच्यासमोर आम्हा सगळ्यांची बोलती बंद असायची. म्हणून मी आप्पांबरोबर जाऊ लागलो. पहिल्याच फेरीला माझ्या टाचेला फोड आले. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुझं पाऊल लय आखूड पडतंय. माझ्या दोनशेला तुझी सव्वादोनशे व्हत्यात." त्यांच्या लेखी ही मोजणी होती, टीका नव्हे.

एका ओढ्यावर एक बाई धुणं धूत होती. आप्पा लांबूनच थबकले. मग अगदी अदबीनं म्हणाले, "आवं ताई, जरा पलीकडच्या अंगानं धुता का? हिकडं माणूस हाय."

बाईनं दचकून पदर सावरला. "कुठं हाय माणूस?"

"ह्यो काय, तुमच्या हाताखाली. कवापासनं लढतोय बिचारा. त्याच्या तोंडावर साबण चाललाय."

बाईनं पाणी मारून दगडावरचा साबण काढला, त्यावरच्या घोड्याला आणि घोडेस्वाराला पाहिलं, आणि इतकी हसली की तिच्या हातातलं लुगडं वाहून गेलं. ते आणायला मला ओढ्यात उतरावं लागलं. परतताना त्याच बाईनं आम्हाला भाकरी आणि वांग्याचं कालवण दिलं. पुढं महिनाभरानं त्या वाटेनं गेलो तर दगड ओढ्यातून काढून काठावर उभा केलेला होता.

बागायतदार त्यांना ओळखू लागले होते. फेब्रुवारीत बागा भरात आलेल्या असत, मांडवाखाली वाकून चालावं लागे आणि आप्पांच्या उंचीच्या माणसाला जास्तच. घड गालाला लागत. कुणीही कात्री घेऊन पुढं यायचा, "आप्पा, घ्या की दोन घड." आप्पा म्हणायचे, "तोडलेलं नगं. पडलेलं द्या." खाली मातीत पडलेले मणी ते वेचत, धोतराच्या सोग्याला पुसावं तसं शर्टाच्या टोकाला पुसत आणि खात. मोजणीला आलेल्या माणसानं कुणाच्या झाडाचं तोडून खाल्लं तर त्याचा हात हलका होतो आणि मोजणीची साखळी त्या बाजूला झुकते, असं त्यांचं म्हणणं. इतक्या वर्षांत त्यांच्या मोजणीवर कुणी हरकत घेऊन जिंकलेलं नव्हतं. ते एकदाच मोजत. भांडखोर खातेदार म्हणायचे, आप्पा, परत एकवार टाका की साखळी. आप्पा साखळी गुंडाळत म्हणायचे, "दगुड चालत न्हाई. हलला असं वाटलं तर आपलं माप हललं म्हणायचं. आन माजं माप हललेलं न्हाई."

हे वाक्य त्यांच्या तोंडी इतक्यांदा येई की आम्ही पोरं ऑफिसात एकमेकांना म्हणायचो, चहाचा कप हरवला तरी.

दंडोबाच्या पायथ्याला भाकरी खाताना एकदा त्यांनी आपल्या आज्याचं सांगितलं. न विचारता स्वतःबद्दल बोलले ते तेवढंच. आज्या गावचा राखणदार. दोन गावांत शिवेवरून भांडण लागलं की आज्याला बोलवायचे. हातात काठी घेऊन तो चालायचा आणि तो चालेल ती शीव. पाटील-कुलकर्ण्यांना ती मान्य करावी लागायची. "आन दिवसभर चालून घसा वाळला की पानी वरनं वतायचे. वंजळीत." आप्पा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले. "बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आन ती काठी चुलीत घातली. बरुबर केलं. पण शीव आज्याला ठावं हुती. ती काय खोटी न्हवती."

आमचं घर पाणी वरून ओतणाऱ्यांतलं होतं. मी पाण्याची बाटली पुढं केली. ते प्यायले आणि उठून चालू लागले.

मग मीच त्यांना आमच्या गावाला घेऊन गेलो. आमच्या विहिरीच्या पलीकडं, बागेच्या कोपऱ्यावर, पुरुषभर उंचीचा एक दगड उभा होता. लहानपणी आम्ही त्याला काठीवाला म्हणायचो, त्याला बैल बांधायचो. त्यावर काय कोरलंय ते मी कधी नीट बघितलेलं नव्हतं. आप्पांनी पिशवीतलं फडकं ओलं करून दगड पुसला. खाली तीन गाई निघाल्या, एक कुत्रं निघालं, आणि एक माणूस. आप्पा उकिडवे बसले ते उठेचनात.

"तलवार न्हाई ह्याच्या हातात," ते म्हणाले. "बघ तू. काठी हाय. घोडं न्हाई, ढाल न्हाई. ह्यो सरदार न्हवं. गावाची गुरं राखताना मेलाय. ह्यो आमच्यातला हाय." मग त्या काठीवरून बोट फिरवत म्हणाले, "म्हंजी गावानं कवातरी दगुड कोरून मानलंय. एवढ्या वर्सांत असा एकच घावला मला."

विहिरीच्या ईशान्य कोपऱ्यापासून ते बांधाबांधानं चालत आले, दोन चिंचोके इकडचे तिकडं झाले, वर बारा पावलं. वहीत त्यांनी लिहिलं, दोनशे बारा. शेजारी काठीवाल्याचं लहानसं चित्र काढलं. परतीच्या एसटीत ते म्हणाले की हा दगड जाणकार माणसांना दाखवायचा, त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. मी लिहून काय उपयोग, म्हणाले, मी पडलो मोजणीदार.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, बागेचा जुना सांगाडा काढून मांडव घातला. मांडव म्हणजे लोखंडी खांब आणि वर तारांची जाळी. सगळं ओझं कडेच्या खांबांवर येतं, म्हणून त्यांना बाहेरून तारेचा ताण देतात. त्या तारेचं खालचं टोक लांबट दगडाला गुंडाळायचं आणि दगड कमरेइतक्या खड्ड्यात आडवा पुरायचा. ताणाचा दगड जितका जड, तितका मांडव पक्का. शनिवारी मी घरी गेलो तेव्हा मांडव उभा होता आणि काठीवाला जागेवर नव्हता.

"हाय की, खाली," दादा म्हणाला. "कोपऱ्याचा ताण नेमका तिथंच आला. त्याच्याच बुडाला खड्डा मारला आन ढकलून दिला. चांगला लांब दगुड, बेस बसला."

मी हसलो. हे मला लिहायलाच हवं. मी हसलो, आणि आईनं दिलेला चहा प्यायलो.

सोमवारी आप्पांना सांगावं असं वाटलं होतं. पण आपल्या भावाची तक्रार परक्या माणसाकडं काय करायची, आणि आप्पा थोडेच परत तिकडं जाणार आहेत, अशी मी मनाची समजूत घातली. आप्पांकडं चारेकशे दगड होते वहीत. एखादा विसरतील. त्यांच्यासाठी त्या चारशेंत हा एकच होता, हे मला त्यांनी स्वतः सांगितलेलं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत एका शनिवारी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला आले. शहरातले दोन प्राध्यापक उद्या येणार होते, जुन्या दगडांवर लिहिणारे. आप्पांनी वर्षभर पत्रं घालून त्यांना राजी केलं होतं. "तू बी चल," ते मला म्हणाले. "तुझ्या रानातला मानूस हाय."

अजूनही सांगता आलं असतं. ऑफिस ते एसटी स्टँड एवढा रस्ता होता, रात्र होती, सकाळची एसटी होती. मी त्यांच्या शेजारी बसून गेलो आणि आप्पा सबंध वाटभर काठीवाल्याबद्दल बोलत राहिले. तोपर्यंत मी त्यांना एसटीत इतकं बोलताना पाहिलेलं नव्हतं.

बाग घडांनी वाकलेली. आठवड्यावर तोड आलेली. दादा बांधावर उभा होता. प्राध्यापक मोटारीनं आले, दोघेही सज्जन माणसं. आप्पांनी विहिरीच्या कोपऱ्याला टाच लावली आणि चालायला सुरुवात केली. दोन चिंचोके, बारा पावलं, आणि ते थांबले ते कोपऱ्यावरच्या ताणाच्या तारेपाशी. आजूबाजूला मोकळी जमीन, गवत. दगड नाही.

ते परत विहिरीकडं गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एकच माप दुसऱ्यांदा घेताना पाहिलं. परत तिथंच आले. तिसऱ्यांदा गेले. पिशवी खांद्यावरून घसरत होती म्हणून त्यांनी ती त्या ताणाच्या तारेला अडकवली आणि मोकळ्या हातांनी चालले. तिसऱ्यांदाही तिथंच येऊन उभे राहिले. पिशवी तारेवर, तार जमिनीत, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या पायाखाली कमरेइतकं खोल, तो दगड.

मी दादाकडं पाहिलं. दादानं माझ्याकडं. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "गप ऱ्हा. ताण काढला तर समदा मांडव खाली ईल. वर्साचं पीक हाय. आन सरकारी दगुड म्हणून लिहून घेतलं तर बागेत कुनाचं कुनाचं पाय लागतील."

त्याचं खोटं नव्हतं. भरल्या मांडवाचा कोपऱ्याचा ताण सुटला तर बाग जमिनीवर येते. पण उकरायला कोण सांगत होतं? आप्पा, इथंच आहे, तोड झाल्यावर काढू, एवढी सहा शब्दांची गोष्ट होती. मी ती बोललो नाही. दादासमोर बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती, आणि मला त्या पद्धतीचा आयता आडोसा मिळाला.

एक प्राध्यापक आप्पांना समजावत म्हणाले, "होतं असं. ऐकीव गोष्टींत गल्लत होते."

"ऐकलेलं न्हवतं सायेब," आप्पा म्हणाले. "मोजलेलं हुतं." मग माझ्याकडं वळले. "तू बी बघितला हुतास न्हवं? का दुसऱ्या रानात?"

मी म्हणालो, "इकडंच कुठंतरी होता, आप्पा. नक्की नाही आठवत."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडं. दादानं पाहुण्यांना द्राक्षांच्या पेट्या दिल्या. आप्पांना घड पुढं केला तेव्हा त्यांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी खाली पडलेले मणीही उचलले नाहीत.

सोमवारी ऑफिसात त्यांनी वही काढली आणि लाल शाईनं त्या नोंदीवर रेघ मारली. खाली लिहिलं, "दगड आढळला नाही. मोजणीत चूक. माझी." आणि रविवारची तारीख घातली. मी शेजारच्या टेबलावर अर्जांना नंबर घालत होतो.

तिथून माणूस बदलला. दगड चालत नसतो आणि हलला तर आपलं माप हललं, हे त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं, आता ते स्वतःला लागू केलं. ते प्रत्येक जमीन दोनदा, तीनदा मोजू लागले. साखळी ओढणारे कुरकुरू लागले. मोजणीच्या तारखा तुंबल्या, खातेदार चिडले, तेव्हा एक दिवस आप्पांनी स्वतःच अर्ज दिला की मला नकाशांच्या खोलीत बसवा. रविवारची एसटी सुटली. चिंचोके टेबलाच्या खणात पडून राहिले. तोड झाल्यावर सांगू, पावसाळ्यात सांगू, दिवाळीत सांगू असं मी करत गेलो आणि दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन गावी गेले. निरोपसमारंभात मी भाषण केलं. चांगलं झालं म्हणतात.

त्यानंतर दोन वर्षांनी बाग म्हातारी झाली म्हणून दादानं ती मोडली. ताणाचे दगड उकरले. काठीवाला पालथा निघाला. मी त्याला विहिरीवर धुतला. गाई, कुत्रं, काठी, सगळं होतं तसं होतं, मातीनं जपलेलं. ऑफिसातून टेप आणून मी विहिरीच्या ईशान्य कोपऱ्यापासून खड्ड्यापर्यंत मोजलं. पाचशे तीस फूट. दोनशे बारा गुणिले अडीच, कुणीही करून पाहावं.

दुसऱ्या दिवशी मी फलटणची एसटी धरली.

आप्पांचं घर गावाच्या कडेला होतं. हातात काठी आली होती, एक गुडघा वाकत नव्हता. त्यांच्या बायकोनं पाणी आणून दिलं. घरामागं मोकळी जागा होती आणि तिथं दोन धोंडे लांब लांब रोवलेले दिसले. मधे गवतच उगवलेलं नव्हतं, नुसती घासून गुळगुळीत झालेली पायवाट.

"रोज सकाळी चालत्यात," त्यांच्या बायको म्हणाल्या. "ह्या धोंड्यापासनं त्या धोंड्यापातुर. हितं दोन वर्सं झाली. आदी दोन वर्सं तालुक्याला बी असंच, खोलीच्या मागं. इचारलं तर सांगत न्हाईत."

"शंभर फूट हाय," आप्पा म्हणाले. "चाळीस पावलं यायला पायजेल. रोज चाळीसच यायची. तरी इस्वास बसना. गुडघा गेला तवा कुटं बेचाळीस झाली."

मी सांगितलं. सगळं, मी हसलो होतो ते धरून. झाल्यावर त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"उताना हुता का पालथा?"

"पालथा."

"मग कोरीव काम ऱ्हायलं आसंल. आन फूट किती निघालं?"

"पाचशे तीस."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं ते रागावतील, आणि खरं सांगतो, मला ते हवं होतं. ते उठले, आतून वही घेऊन आले, ते पान काढलं. लाल रेघ, खाली त्यांचं ते वाक्य. वही माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "लिही. मोजणी बरुबर हुती. दगुड जागेवर हुता."

मी लिहिलं.

"खाली पंच म्हणून सही कर. तू हजर हुतास."

मोजणीच्या कागदावर हजर असलेल्या पंचाची सही लागते, तेव्हाच ती मोजणी धरतात. मी सही केली. तारखेपाशी माझा हात थांबला. वर त्या फेब्रुवारीतल्या रविवारची तारीख होती. मी नकळत तीच लिहायला लागलो.

"आजची टाक," आप्पा म्हणाले. "मोजणीला मागची तारीख घालत न्हाईत."

मी आजची तारीख टाकली. चार वर्षांचं अंतर त्या दोन ओळींच्या मधे उघडं पडलं. त्यांनी ते वाचलं, शाई वाळेपर्यंत थांबले आणि वही मिटली. काठीवाला आता बांधावर उभा केलाय, गाडी करून तुम्हाला न्यायला येतो, असं मी म्हणालो. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि नको म्हणून मान हलवली.

मग ते काठी टेकत मागच्या अंगणात उतरले. पहिल्या धोंड्याला टाच लावली. माफ करा, हा शब्द मी फलटणच्या एसटीतून सबंध वाटभर तोंडात धरून आणला होता. मी त्यांच्या मागं गेलो आणि म्हणालो, "आप्पा..."

त्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं.

मी उभा राहिलो. ते हळूहळू, पाय ओढत, पलीकडच्या धोंड्यापर्यंत पोचले, वळले, आणि बोट खाली न घेता परत मोजत निघाले. फाट्यावर परतीची एसटी लागल्याचा आवाज आला. त्यांच्या बायकोनं मला चहा पिऊन जा म्हटलं, पण त्यानंतर गाडी नव्हती. मी तसाच निघालो.

पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याचं ऑफिसात कळलं.